गाडी तापते कधी, ते आधी लिहा: इंजिन ओव्हरहीटचं निदान पायरीपायरीने

गाडी गरम होते म्हणून सांगितलं की बऱ्याच गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: "कूलंट बदलू, थर्मोस्टॅट काढून टाकू, काही होत नाही." आठवडाभर खरंच काही होत नाही. मग एखाद्या रविवारी घाटात काटा पुन्हा लाल रेघेकडे सरकतो आणि बिलात पुढचा पार्ट चढतो. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या बाबतीत कॅप झाली, थर्मोस्टॅट झाला, रेडिएटरही झाला. दोष निघाला फॅनच्या रिलेत, म्हणजे फॅनला वीज देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये.

त्यातून एक गोष्ट पक्की कळली. गाडी केव्हा तापते, ही माहिती फक्त चालवणाऱ्याकडे असते. मेकॅनिकसमोर गाडी येते तेव्हा ती थंड असते, सपाट जमिनीवर उभी असते आणि बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखी चालते. तेव्हा निम्मं निदान तुम्हीच करून नेलंत तर पैसे वाचतात आणि इंजिनही वाचतं. खालच्या बहुतेक तपासण्यांना पाना-स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

आधी एवढं माहीत हवं

वॉटर पंप कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि हेडमधून (त्याच्यावर बसणारा भाग) फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे कूलंट आतल्या आतच फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला (गाडीगणिक फरक पडतो) वॉल्व्ह उघडायला लागतो. मग गरम कूलंट वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाइपने परत येतं. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो. ती रांगत किंवा उभी असेल तर तेच काम फॅन करतो. हा शेवटचा फरक लक्षात ठेवा, दुसऱ्या पायरीत त्याचा उपयोग आहे.

जवळ काय काय हवं

टॉर्च, जाड कापड, हातमोजे, नरसाळं, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन (बॅटरीच्या दुकानात मिळतो, मात्र तिथे ॲसिडचेही तसेच कॅन असतात, लेबल वाचून घ्या), एक मोठा पुठ्ठा आणि दोन-तीन सुटे फ्यूज. जमल्यास साधा मल्टिमीटर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे ती पिस्तुलासारखी दिसणारी तापमापक गन. मी सर्वात जास्त वापरलं ते ब्लूटूथचं ओबीडी डोंगल. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट सापडतं, आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. आजकाल कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा गाडीवाल्यांनी डोंगल घ्यावंच.

कागदपत्रांत गाडीचं ओनर्स मॅन्युअल (कूलंटचा प्रकार, एकूण लिटर आणि फ्यूज बॉक्सचा नकाशा त्यात असतो), जुनी सर्व्हिस बिलं, वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद आणि विम्याची पॉलिसी. रोडसाइड असिस्टन्स आहे का, ते घरी बसूनच पाहून ठेवा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत गरम होऊन बिघडलेलं इंजिन सहसा बसत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यात मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यांमुळे झालेलं नुकसान धरलेलं असतं. अटी वाचा.

१. रस्त्यात काटा चढला तर

काटा नेहमीच्या जागेवरून नुसता वर सरकू लागला असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा, खिडक्या उघडा. मे महिन्यात हे अघोरी वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनातली उष्णता केबिनमध्ये ओढतो. सुरक्षित जागा मिळेपर्यंत एवढ्याने बहुधा निभावतं.

काटा लाल रेघेला टेकला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली तर हे सगळं सोडा. डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" हा विचार सर्वात महागात पडतो. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करता येतो.

आता दोन गोष्टी करायच्या नाहीत. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही. आत उकळत्या बिंदूच्या वरचं पाणी दाबाखाली असतं. कॅप सैल होताच ते तोंडावर येतं. भाजल्याच्या घटना बहुतेक इथेच घडतात. किमान पाऊण तास थांबा आणि वरचा पाइप हाताला थंड, मऊ लागला तरच कापड धरून कॅपला हात लावा. दुसरं, तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जाऊ शकतो.

आणि एक चकवा: काटा लालला जाऊन अचानक खाली आला म्हणजे गाडी निवली असं नाही. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तरीही काटा पडतो. अशा वेळी हीटर गार हवा फेकत असेल तर पाणी संपलंय असंच धरा.

२. गाडी कधी तापते, ते लिहून काढा

हीच मुख्य पायरी, आणि हीच सगळे टाळतात. मोबाइलमध्ये नोंद करा: वेग, चढ की सपाट, एसी चालू की बंद, गाडी सुरू करून किती वेळ झाला, बाहेर ऊन किती. तीन-चार नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं.

सिग्नलला, टोलच्या रांगेत, हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत निवते: संशय फॅनवर. वारा मिळाला की बरं होणारं दुखणं वाऱ्याचंच असतं. पायरी ६ कडे जा.

शहरात ठीक, पण समृद्धीवर तासभर ११०-१२० ने पळवल्यावर किंवा कसारा, खंबाटकी, आंबा अशा घाटात चढताना तापते: इंजिन जितकी उष्णता तयार करतंय तितकी बाहेर टाकण्याची ताकद रेडिएटरकडे उरलेली नाही, किंवा कूलंट पुरेसं फिरत नाहीये. चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, जोरात रेस दिल्यावर आत चेपणारा खालचा पाइप. पायरी ७, ८, ९. इथे एक पोटभेद आहे. खोपोलीहून लोणावळ्याकडे चढताना ट्रकांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं, तेव्हा भार जास्त आणि वारा कमी. तिथे फॅन आणि रेडिएटर दोघांचीही परीक्षा होते, त्यामुळे त्या एका अनुभवावरून निष्कर्ष काढू नका.

थंडगार गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांत काटा वर: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, कूलंट फार कमी आहे, हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय. रेडिएटर इथे क्वचितच दोषी असतो.

काटा वर-खाली नाचतो, हीटर कधी गरम कधी गार: कूलंट कमी किंवा आत हवा.

फक्त एसी लावल्यावर तापते: रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि तो स्वतःची उष्णता मागे रेडिएटरवर टाकतो. काठावर चाललेली यंत्रणा एसीने उघडी पडते. फॅन आणि दोघांमधली घाण पाहा.

३. खरंच तापतेय का?

काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सर, त्याचं कनेक्शन किंवा मीटर खराब असलं तरी काटा चढतो. डोंगलवर तापमान पाहा. ८५ ते १०० अंशांत खेळत असेल, कोंडीत १०५ ला जाऊन फॅन लागताच उतरत असेल, तर बहुतेक गाड्यांसाठी ते नेहमीचंच आहे. ११० च्या पुढे चढतच राहिलं तर थांबा.

पण डोंगल बहुधा त्याच सेन्सरचं वाचन दाखवतं. म्हणून गनने पडताळा करा: थर्मोस्टॅटच्या घराजवळ, वरच्या पाइपावर. चकचकीत धातूवर ही गन बरंच कमी तापमान दाखवते, तेव्हा काळ्या रबरावर किंवा धातूवर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. दोन्हींत दहा-पंधरा अंशांहून जास्त तफावत आली तर सेन्सरवर संशय घ्या.

४. सकाळी, थंड इंजिनावर: पातळी आणि कॅप

रात्रभर उभी असलेली गाडी सपाटीवर घ्या. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये हवी. पण बाटली पाहून थांबू नका. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळी कॅप असते तिथे ती उघडून आत बोट घाला. कूलंट अगदी तोंडापर्यंत लागलं पाहिजे. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सर्रास दिसतं, आणि त्याला कारण असतं ती कॅप.

कॅपचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे. दाब धरून ठेवला की उकळण्याचा बिंदू वर जातो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला साधारण १०७ अंशांना उकळतं. कॅपने १ बारच्या आसपास दाब धरला तर तेच १२५ च्या पुढे जातं. स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत जाते. वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जाता तेव्हा तर दुहेरी फटका बसतो: तिथे, सुमारे १३५० मीटर उंचीवर, साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. कॅपमध्ये आणखी एक छोटा उलटा वॉल्व्ह असतो. इंजिन निवताना तो बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. तो अडकला की बाटली भरलेली राहते, रेडिएटर हळूहळू रिकामा होतो आणि सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो.

रबर कडक, चिरलेलं, गंजलेलं दिसलं तर कॅप बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे. घेताना कॅपवरचा दाबाचा आकडा (०.९, १.१ असा काहीतरी) जुन्याशी जुळवा. "जरा जास्त दाबाची टाकू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, जुने पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

काही गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, बाटलीलाच जाड आट्याचं झाकण असतं. ती बाटली स्वतः दाबाखाली असते. "बाटलीच तर आहे" म्हणून तीही गरम असताना उघडू नका.

कूलंटचा रंग पाहा. तांबूस गढूळ म्हणजे गंज. वर तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी साय दिसली तर थेट पायरी १० वाचा.

५. पातळी घटतेय? गळती शोधा

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. एसी चालवून गाडी लावल्यावर पुढच्या सीटच्या खालच्या बाजूला स्वच्छ पाणी टपकतं, ते एसीचं. बोटाला तेलकट-चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल ते कूलंट. चाखून पाहू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा. गोडीमुळे कुत्री-मांजरं चाटतात.

बऱ्याचदा गळती गरम असताना होते आणि जागीच वाळते, मग पुठ्ठा कोरडा राहतो. तेव्हा टॉर्च घेऊन पांढरट-हिरवट-गुलाबी वाळलेले ओघळ शोधा: पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिक टाकी ॲल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेली असते तो सांधा, पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक. डावीकडच्या पायाखालचा गालिचा ओला असेल किंवा काचेवर गोड वासाचं तेलकट धुकं धरत असेल तर हीटरची कॉइल गळते आहे. काहीच सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट सांगा. हातपंपाने कॅपच्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पाहतात. दाब उतरला तर गळती आहेच.

रस्त्यात अडल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकायची ट्रकवाल्यांची युक्ती तुम्ही ऐकली असेल. बारीक भोक त्याने तात्पुरतं बुजतं. पण तीच हळद, किंवा दुकानातली लीक-स्टॉप पावडर, नंतर रेडिएटरच्या नळ्या आणि हीटरची कॉइलही बुजवते. आडरानात अडकलात तरच, आणि घरी आल्यावर सगळं धुऊन काढायच्या तयारीने.

६. फॅन

कोंडीत तापणाऱ्या गाडीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि तपासायलाही हे सर्वात सोपं आहे.

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला लागतो. मग एसी बंद करून गाडी उभ्यानेच तापू द्या आणि डोंगलवर पाहा: बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान फॅन लागला पाहिजे आणि तापमान चार-सहा अंश उतरलं की बंद झाला पाहिजे. हात, ओढणी, सैल बाही दूर ठेवा; काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपोआप सुरू होतो.

लागलाच नाही, तर या क्रमाने जा. आधी फ्यूज. मग रिले: बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले अगदी त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा. माझं सगळं प्रकरण या दोन मिनिटांच्या अदलाबदलीत मिटलं असतं. रिले गरम झाल्यावर मधूनच दगा देत होता, त्यामुळे गॅरेजमध्ये दर वेळी फॅन व्यवस्थित फिरायचा. तिसरं, फॅनचा प्लग काढून मोटरला फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी थेट बॅटरी द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरकडे. काठीने ढकलल्यावरच फिरत असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. चौथं, पुष्कळ गाड्यांत कूलंट सेन्सरचा प्लग काढला की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून फॅन सुरू करतो. तसं झालं तर फॅन, रिले, वायरिंग ठीक, सेन्सर पाहा. (चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर पुसता येतो.)

फॅन फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. फॅनने तो चिकटवून ठेवला पाहिजे. कागद उडाला तर कुणीतरी दुरुस्तीत मोटरच्या वायरी उलट जोडल्यात आणि फॅन वारा पुढे फेकतोय. कागद लोंबत राहिला तर मोटर थकली आहे किंवा फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण गायब आहे. दोन गती असलेल्या फॅनमध्ये कमी गतीचा रेझिस्टर जळतो, मग तापमान खूप चढल्यावर फॅन एकदम जोरात लागतो.

इथला ठरलेला सापळा म्हणजे "फॅन डायरेक्ट करून देतो". चावी लावली की फॅन चालू. घरी पोचण्यापुरतं चालेल. कायमचं केलंत तर मूळ दोष झाकला जातो, मोटर लवकर झिजते आणि जाड वायर न वापरता केलेलं काम वितळतं.

७. थर्मोस्टॅट

थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या पाइपावर गन धरा. सुरुवातीला पाइप कोमट राहतो आणि इंजिन ८५-९० ला आलं की काही क्षणांत तोही जवळपास तितकाच गरम होतो. डोंगल १०० दाखवतंय आणि पाइप अजून ५० लाच आहे, तर वॉल्व्ह उघडत नाहीये. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो; तिथे हीच खूण खालच्या पाइपावर शोधा.)

बाहेर काढलाच तर जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवा, शेजारी थर्मामीटर. वॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगला आठेक मिलिमीटर उघडला पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

"आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट हवा कशाला?" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. थर्मोस्टॅट नसला की इंजिन उशिरा तापतं, ईसीएम जास्त पेट्रोल सोडतो, मायलेज पडतं आणि झीज वाढते. अकोल्यात ४५ अंश असलं तरी इंजिनाला ते थंडच. नवीन टाका, काढून टाकू नका.

८. रेडिएटर, बाहेरून आणि आतून

बाहेरून: कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. किडे, कापूस, चिखल, प्लास्टिकची पिशवी, काहीही सापडतं. साध्या पाइपने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून पुढे असं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पात्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. उंदरांसाठी लावलेली बारीक जाळी आणि हौशीने बसवलेले मोठे फॉग लॅम्प हेही वारा अडवतात.

आतून: गाडी पूर्ण तापवून, फॅन चालू असताना इंजिन बंद करा आणि फॅन थांबल्यावर रेडिएटरवर गन फिरवा. तापमान एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. याचं कारण बहुतेक वेळा बोअरवेलचं पाणी. वर्षानुवर्षं ते टॉप-अप केलं की गीझरच्या कॉइलवर चढतो तोच क्षार इथेही चढतो. ॲसिड टाकून फ्लश करण्याआधी विचार करा. जुन्या रेडिएटरमध्ये कधीकधी तो क्षारच भोक बुजवून बसलेला असतो.

९. पंप आणि बेल्ट

पंपाखाली ओघळ, खरखर आवाज, बेल्टची किंकाळी, पुलीला हलवल्यावर जाणवणारी ढिलाई, या खुणा. काही पंपांचा आतला पंखा प्लास्टिकचा असतो, तो शाफ्टवर घसरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

१०. हेड गॅस्केट: घाबरण्याआधी पडताळा

कुठेही गळती नाही तरी पातळी घटते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात आणि थांबत नाहीत. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच हेड उतरवायला देऊ नका. पावसाळ्यात रोजचा दोन किलोमीटरचा प्रवास असेल तर नुसत्या दमटपणानेही ती धरते. डिपस्टिक पाहा, ऑइलच दुधाळ झालं असेल तर गोष्ट गंभीर, आणि मग इंजिन सुरूच करू नका.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करायला सांगा. निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळं पडतं. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. हेड उतरलंच तर ते सपाट आहे का, हे मोजून दाखवायला सांगा आणि गरजेप्रमाणे फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या. न मोजता नुसतं नवं गॅस्केट लावलं तर ते पुन्हा उडतं.

११. कूलिंगबाहेरचे गुन्हेगार

सीएनजी किट असेल तर रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जाणारे दोन पाइप पाहा. गॅस प्रसरण पावताना रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचं कूलंट फिरवलेलं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे जोड गळतात किंवा तिथे हवा अडकते. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर तापत असेल तर किटचं ट्यूनिंगही तपासा. चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच आणि चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) यांनीही इंजिन जास्त तापतं. प्रवासानंतर चारही चाकांच्या रिमवर गन धरा. एक रिम इतरांपेक्षा खूपच तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक पाहा.

१२. कूलंट भरणं आणि हवा काढणं

हिरवा, लाल, निळा हे नुसते रंग आहेत, प्रकार ओळखायला ते पुरेसे नाहीत. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्रकार घ्या. डब्यावर 'रेडी टू यूज' आहे की 'कॉन्सन्ट्रेट', ते वाचा. रेडीमध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट निव्वळ ओतायचं नाही, कारण निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. महाराष्ट्रात कूलंट गोठण्याची भीती नाही, तरी गंज रोखायला आणि उकळबिंदू चढवायला ते लागतंच.

गाडीचं तोंड थोडं उंचावर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर सैल करा आणि सावकाश भरा. मधूनमधून वरचा पाइप दाबा. कॅप उघडी ठेवून इंजिन थंडपणीच सुरू करा. वॉल्व्ह उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. कूलंट उसळायला लागलं तर थांबा, इंजिन निवू द्या. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

१३. गॅरेजमध्ये काय बोलायचं

"गाडी गरम होते" एवढंच सांगू नका. "सपाटीवर, एसी चालू, सिग्नलला दहा मिनिटं उभी राहिली की १०८ ला जाते, ६० ने पळवली की ९२ ला येते, कूलंट घटत नाही, फॅन १०५ लाही लागत नाही," असं सांगा. एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक सरळ फॅनकडे वळतो आणि वाईट मेकॅनिक जरा जपून बोलायला लागतो. एका वेळी एकच पार्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. जुना पार्ट परत मागा. हेड उतरवायची भाषा आली तर आधी ब्लॉक टेस्टचा निकाल पाहायला मागा आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

काम झाल्यावर डोंगल लावून ज्या परिस्थितीत गाडी तापायची तीच मुद्दाम पुन्हा घडवा: दुपारचं ऊन, एसी चालू, तोच सिग्नल किंवा तोच घाट. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहा, आणि आठवडाभर रोज पाहा. पहिल्या दोन दिवसांत उरलीसुरली हवा निघून ती थोडी उतरते, तेवढं भरून घ्या. त्यानंतरही उतरत राहिली तर पायरी ५ पासून पुन्हा सुरू करा.